बोऱ्यातली पाटी

मी बोऱ्यात तुडवलेल्या रुईवर उभा होतो, तवा वरतून पाटी आली.

आधी मले वाटलं, वरून रुई टाकनाऱ्या पुंजाजीनं रुईसंगं इटेचा तुकडा टाकला. त्याचं काई सांगता येत नाई. एकडाव त्यानं सोताचा जोडा टाकला होता. तो जोडा बोऱ्यात शिवल्या गेला अन् बंबईले गेला. तिकडून समिंदरापार बी गेला असन. पन ही पाटी होती. लाकडाची चौकट, मधात काळा दगड. माह्या उजव्या पायापाशी पडली. मी वाकून पाहीन, तेवढ्यात पुंजाजीनं वरतून रुईचा भारा सोडला. पाटी गडप.

म्या उजवा पाय उचलला होता. तो तसाच वर राह्यला.

त्या एका पायापायी रुईवाल्या धनजीशेठचं काम तीन दिवस बंद पडलं. शाळेचं काय झालं ते सांगतोच. अन् माहा धंदा गेला तो गेलाच.

आता ज्यानं बोरा पाह्यला नाई त्याच्यासाठी सांगतो. कापूस वेगळा अन् रुई वेगळी. वावरातून येते तो कापूस. त्यातली सरकी काढली की उरते ते रुई. हे रुई एवढी हलकी की गाडीभर दिसते अन् उचलली त काईच नाई. बैलावर लादाची त दाबून भरा लागते. म्हनून एक लांबलचक बोरा आढ्याले टांगतात. तोंडाले लोखंडी कडं. बोऱ्यात एक मानूस उतरवतात. वरून दुसरा रुई टाकते, खालचा पायानं तुडवते. टाचेनं कोपरे दाबाचे, मंग मधात नाचाचं. जसजशी रुई भरते तसतसा मानूस वर येते. सकाळी बोऱ्यात मानूस दिसत नाई, मंग टोपरं दिसते, मंग खांदे, अन् शेवटी आख्खा मानूस बोऱ्यावर उभा. आमच्या धंद्यात मानूस रोज तळातून वर येते. फक्त बोऱ्यात. बाकी जागेवरच.

या धंद्याचा एकच नेम. बोऱ्यात पानी नाई. रुईले पानी मारलं की ते जड होते, अन् काई बेइमान लोक तसं करत. मंग वाटेत रुई सडे, अन् सगळ्या वऱ्हाडाचं नाव खराब होये. म्हनून दसऱ्याले आमी तुडवनारे कड्याले हात लावून शपथ घेत होतो, की थेंबभर पानी पडू देनार नाई. बोऱ्यात थुंकाचं नाई. घाम आला त फडक्यानं पुसाचा. मी वीस वर्सं तुडवलं, कधी थेंब पडू देला नाई. हे ध्यानात ठेवा.

माहं नाव उकर्डा. माह्या आधीचे भाऊ जगले नाईत, म्हनून मायनं मले जलमल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं, की यमाले वाटावं हा कचरा आहे. यम फसला. बाकीचे लोक नाई फसले.

आमचं गाव वलगाव. तिथून रोज पायी अमरावतीले यायचो. संगं गावच्या माळ्याचा पोट्टा असे, महादू. सतरा-अठराचा. मी तुडवाले, तो शिकाले. त्याच्या बापाचा भाजीचा मळा होता. आता त्या वर्सी कापसाले असा भाव आला होता की लोकाइनं वांगे उपटून कापूस लावला. कोन्या दूरच्या मुलखात भाऊभाऊ लढून राह्यले होते, तिथला कापूस बंद झाला, अन् साऱ्या दुनियेले आमचा कापूस पाहिजे. म्या पुंजाजीले इचारलं होतं, "ते भांडून राह्यले त आपल्याले काहून बरकत?" तो म्हने, "तू तुडव."

महादूच्या बापानं सांगून ठेवलं होतं, "माघात परीक्षेचा साहेब येते. पास झाला त जाय अकोल्याले, मास्तरकी शिक. नाई झाला त मळा मोडतो अन् तुले वखरावर धरतो. मंग पुस्तक दिसलं त चुलीत." तो बोलला तसं करनारा मानूस होता. महादूच्या मोठ्या भावाचं पुस्तक गेलंच होतं चुलीत.

शाळा सरकारी, पन जागा धनजीशेठची. बजारामांगं त्याची धरमशाळा होती, तिचे चार खन शाळेले देल्ले होते. त्या वर्सी रुई ठेवाले जागा उरली नाई. लोकाइच्या वसऱ्या भरल्या. गोठे भरले, ढोरं बाहेर. मांगचा मारुती त रुईतून नुसत्या डोक्शानं दिसत होता. मंग शेठनं हेडमास्तरले सांगतलं, "होळीलोक शाळा बंद ठेवा. होळी झाली की खन तुमचे."

हेडमास्तर पुन्याकडचे. मानूस चांगला, पन शेठसमोर त्याइचा आवाज पायऱ्या उतरून जाये. ते म्हनले, "बरं."

झालं. पौषात शाळेत बोरे आले. तुडवाले आमी चौघं आलो. माघात साहेब येनार, अन् शाळा होळीनंतर. वर्गच नाई त परीक्षा कोनाची? परीक्षा नाई त महादू वखरावर. हे मले महादूनं वाटेत समजावून सांगतलं. दोनदा सांगतलं. दुसऱ्या डावाले समजलं.

"काका, तुमी रोज आमच्या शाळेवर नाचता," तो म्हने.

"नाचत नाई रे. तुडवतो."

"एकच आहे."

"पोटासाठी आहे बावा."

"मी बी पोटासाठीच शिकून राह्यलो," तो म्हने, अन् नाक्यालोक माह्या पुढं चालला.

पोट्ट्याइनं आधी अर्जी लिहली. तीसेक पोट्टे होते, सगळ्याइनं सही केली. हेडमास्तर म्हनले, "मी पुढे पाठवतो." अन् पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पेटीवर आमी बोरे रचले. म्हंजे अर्जी कापसाखाली गेली, अन् रचनारा मी. मले मालूम नोतं. मले कोनत्याच पेटीत काय असते ते मालूम नसते.

मंग पोट्टे रोज येऊन आंगनात बसाले लागले. आता मी हरताळ पाह्यला होता. हरताळ म्हंजे दुकान बंद, लोक घरी. हे पोट्टे हरताळ करून राह्यले होते अन् शाळेत येऊन राह्यले होते! सुट्टी भेटली तरी येऊन राह्यले! म्या महादूले इचारलं, "तुमी बंद केलं का चालू केलं?"

"शाळा बंद करन्याविरुद्ध आमचा बंद आहे."

"मंग घरी काहून नाई जात?"

"घरी गेलो त शाळा बंदच होईन ना काका!"

माह्या डोक्शात काई उतरलं नाई. म्या इचारनं सोडलं अन् बोऱ्यात उतरलो.

पोट्टे आंगनात रांगा करून पाढे म्हनाले लागले. मोठ्यानं. बजारात ऐकू जावं म्हनून अगदी बेंबीच्या देठापासून. बे एके बे, बे दुने चार. अन् काय सांगू, माहे पाय त्या तालावर चालाले लागले. बे दुने, उजवा. चार, डावा. चौघाइचे बी पाय तसेच. दुपारलोक ज्या बोऱ्याले आमी संध्याकाळ करत होतो तो भरला. एकोनतीसच्या पाढ्याले मातर सगळे पोट्टे अडखळत. तिथं आमचे बी पाय अडखळत.

धनजीशेठ आला, भरलेले बोरे पाह्यले, अन् खुश. "वा! हे पोट्टे रोज येऊ द्या. याइले गूळ-दाने द्या रे."

पोट्ट्याइचा हरताळ, अन् शेठनं गूळ-दाने वाटले. पोट्ट्याइले समजेना खावं का फेकावं. लहान होते त्याइनं खाल्ले. देशमुखाचा एक पोट्टा म्हने, "आता गोटेच मारतो." महादू म्हने, "गोटा मारला त आपन गुंड ठरू. मंग परीक्षा कोन घेईन आपली?" अन् तो माह्या बोऱ्याकडं पाहाले लागला. मले वाटलं, काका म्हनून कौतुकानं पाहून राह्यला.

दुसऱ्या दिवशी पाटी आली.

आता आमच्याकडं एक गोष्ट पाळन्यातल्या लेकराले बी मालूम आहे. विद्येले पाय लावाचा नाई. पुस्तकाले, पाटीले पाय लागला त हात लावून नमस्कार कराचा. बह्या पुजतात दिवाळीले, तवा दुकानातून आमी मोजून पावलं टाकतो. ज्याले वाचता येते तो एखांद्या वक्ती इसरते. ज्याले येत नाई तो कधीच इसरत नाई.

म्हनून मी एका पायावर. बगळा.

"पुंजाजी! थांब! खाली पाटी आहे!"

पुंजाजीले बोऱ्यातला आवाज नीट ऐकू जात नोता. त्याले वाटलं मी आनखीन रुई मांगून राह्यलो. त्यानं दुसरा भारा सोडला. आता पाटी कुठं अन् पाय कुठं, कोनाले मालूम? डावा पाय टेकला होता तो बी पाटीवर असन त? म्या दोन्ही हातानं कडं धरलं अन् दोन्ही पाय वर घेतले. बोरा हलाले लागला. मी त्यात लोंबून राह्यलो, जशी वडाले वटवाघूळ.

"पुंजाजी, लेका, मी विद्येवर उभा आहे!"

तवा त्यानं वाकून पाह्यलं. "तू त लोंबून राह्यला."

"म्हनूनच लोंबून राह्यलो!"

आंगनातून महादू वरडला, "काका, फक्त तुमच्याच बोऱ्यात नाई. सगळ्या बोऱ्यात पाट्या आहेत!"

बाकीचे तिघं असे बाहेर निंगाले जसे बोऱ्यात नाग निंगाला. एक जन त सोताच्या पायाच्या पाया पडला. मी हात सुटेलोक लोंबलो, मंग पुंजाजीनं काखेत धरून काढलं. पोट्ट्याइनं मले खांद्यावर घेतलं. "उकर्डाजी की जय!" म्या सांगून राह्यलो, "अरे, मी तुमच्यात नाई! मी कामावर आहे!" कोनी ऐकलं नाई. सारा बजार पाहाले आला. माहं नाव एवढ्या मोठ्यानं याच्या आधी कोनीच घेतलं नोतं, अन् घेतलं तवा मी खाली उतरवा म्हनून रडून राह्यलो होतो.

शेठ आला. "उतर बोऱ्यात."

"नाई उतरत शेठजी."

"काहून?"

"खाली विद्या आहे."

"तुले कुठं विद्या येते बे?"

"येत नाई म्हनूनच त भेव वाटते. ज्याले येते त्याची तिच्यासंगं ओळख असते, त्याले माफी भेटन. मले कोन ओळखते?"

शेठ बाकीच्या तिघाइकडं वळला. ते माह्यामांगं उभे झाले. म्हंजे आता मी त्याइचा बी पुढारी. शेठनं दुसरे तुडवनारे बोलावले. ते आले, गोष्ट ऐकली, जोडे काढून बोऱ्याइले नमस्कार केला अन् गेले.

शेठनं हेडमास्तराइले बोलावलं. "मास्तर, पोट्ट्याइच्या पाट्या मोजा. जेवढ्या कमी, तेवढ्या बोऱ्यात."

हेडमास्तराइनं पोट्टे उभे केले. एकाच्या बी हातात पाटी नाई.

"पाट्या कुठे आहेत?"

"शाळेत, सर," महादू म्हने.

"शाळा कुठे आहे?"

"बोऱ्याखाली, सर."

हेडमास्तर हसले. मंग शेठकडं पाह्यलं अन् हसू आत घेतलं. "महादेव, तू हुशार मुलगा आहेस. असं वागलास तर मला तुझं नाव काढावं लागेल."

"सर, माघात साहेब येतील. वर्ग नसला तर नाव आपोआपच निघेल." हेडमास्तरासंगं तो असा मास्तरासारखा बोले. "तुम्ही काढलं काय आणि कापसानं काढलं काय."

 शेठ म्हने, "बोरे उसवा." पन भरलेला बोरा उसवला की रुई फुगून दसपट होते. चाळीस बोरे होते. ते उसवाचे, पाहाचे, पुन्हा भराचे म्हंजे अर्धा पौष. अन् चौथ्या दिवशी बंबईचा पारखी येनार होता माल पाहाले.

दोन दिवस काम बंद. पोट्टे आंगनात पाढे म्हनत, अन् आमी चौघं कट्ट्यावर बसून ऐकत. पाय हलत, काम नाई. लोक मले येऊन इचारत, "उकर्डा, तुमची मांगनी काय?" म्या म्हनो, "मले पानी पाहिजे प्याले." ते म्हनत, "वा, काय मानूस आहे!" अन् जात.

दुसऱ्या संध्याकाळी शेठ एकटा माह्यापाशी आला. हळूच म्हने, "उकर्डा, वीस वर्सं तू माहे बोरे तुडवले. परवा पारखी येते. कामाले लाग. नाई त पुन्हा माह्या दारात दिसू नोको."  मले दुसरं काईच येत नोतं. तुडवनं येते, अन् तुडवाले त बोरा लागते.

वाटेत महादू म्हने, "काका, अजून दोन दिवस धरा. शेठ थकन."

"अन् मी?"

त्यानं वाटेतला खडा पायानं उडवला. मंग म्हने, "तुमी उतरले त मी काई म्हननार नाई काका. खरं."

हे त्यानं म्हनाले नोतं पाहिजे. रागावला असता त मले सोपं गेलं असतं.

रातभर नाई, पन सकाळी उठल्यावर मले एक युक्ती सुचली. मले सुचलेली पहिली अन् शेवटची. अशी युक्ती, की शेठचं काम चालू होईन अन् विद्येचा बी अपमान होनार नाई. मी सरळ मारुतीच्या गुरवाकडं गेलो. म्हनलं, "महाराज, न कळत विद्येले पाय लागला त उतारा काय?"

गुरव मारुतीच्या नाकातली रुई काढत होता. म्हने, "तीर्थ शिंपड. पाप धुतल्या जाते."

"किती शिंपडू?"

"सढळ हातानं."

म्या इचार केला, पाय चौघाइचे, म्हंजे आठ. बोरे चाळीस. तांब्याभर तीर्थात एवढं पाप कसं धुतल्या जाईन? म्या त्याच्याकडून तुळशी टाकलेलं तीर्थ घेतलं, ते दोन घागरी पान्यात मिसळलं, अन् कावड करून शाळेत आलो. पोट्टे अजून यायचे होते. एकेका बोऱ्याले नमस्कार केला अन् सढळ हातानं शिंपडाले लागलो. माहं मन एवढं हलकं झालं होतं, की वीस वर्साची शपथ मले आठवलीच नाई. एका दिवसात मानसाले किती देव सांभाळता येतात?

बाराव्या बोऱ्यावर होतो तवा मांगून कोनीतरी म्हनलं, "यह क्या कर रहा है?"

पाह्यलं त शेठ. शेठसंगं एक उंच मानूस, डोक्याले काळी टोपी. बंबईचा पारखी. पारखी म्हंजे जो रुईत हात घालून, वास घेऊन सांगते की माल खरा का खोटा. तो एक दिवस आधी आला होता.

शेठचं तोंड रुईसारखं पांढरं.

म्या हात जोडले. "पाप धुऊन राह्यलो साहेब."

"किसका?"

"माहं बी. शेठजीचं बी. सगळ्याइचं."

"रोज धोते हो?"

"नाई साहेब. आज पहिल्या डावच सुचलं."

पारखीनं बोऱ्यात हात खुपसला, ओली रुई काढली, बोटानं पिळली. थेंब पडला. तो थेंब माह्या समोर पडला, अन् तवा मले शपथ आठवली.

म्या मंग सगळं सांगतलं. पाटी, विद्या, पाय, गुरव, मारुतीचं नाक. जेवढं खरं सांगत गेलो तेवढं ते खोटं वाटत गेलं. पारखी म्हने, "शेठ, बीस साल में बहुत कहानियाँ सुनीं. पानी मारनेवाला कहता है बारिश हुई, मटका फूटा, बैल ने मूत दिया. विद्या का नाम पहली बार सुना." मंग तो म्हने, "सब बोरे खोलो. मैदान में. धूप में सुखाओ, सबके सामने भरो. दीवार के पीछे भरा माल मैं नहीं लूँगा. इस साल नहीं, अगले साल भी नहीं."

शेठ कामापुरता वाईट होता, येडा नोता. बजारात पान्याची बोंब झाली त त्याचा सगळा माल पडून राहाचा. त्यानं तिथंच टोपी काढून सांगतलं, "एक बोरा बी भिंतीआड राहनार नाई."

तेवढ्यात पोट्टे आले. पाहतात त शेठ सोता बोरा ओढून राह्यला. महादूनं मले इचारलं, "काका, काय झालं?"

"मले समजलं असतं त झालंच नसतं," म्या म्हनलं.

पोट्ट्याइनं काई इचारलं नाई. धोतरं खोचली अन् बोरे वाहाले लागले. तीस पोट्टे, चौघं आमी. बे दुने चार म्हनत शाळेतले सगळे बोरे दुपारच्या आत मैदानात. शेठ धापा टाकत म्हने, "एवढं काम करता येते त तीन दिवस याइले पाहिजे काय होतं?"

"हेच," पुंजाजी म्हने.

मैदानात बोरे उसवले. रुई अशी फुगली की वाटलं अमरावतीत ढग उतरला. चाळीस बोऱ्यात पाट्या किती निंगाल्या? एक. माह्या बोऱ्यातली. बाकीच्या पोट्ट्याइनं आपापल्या पाट्या घरी फडताळात ठेवल्या होत्या. महादू खोटं बोलला होता.

पाटी मधोमध तडकली होती. म्या दोन्ही तुकडे डोक्शाले लावले अन् त्याले देल्ले. मंग भेत भेत इचारलं, "यावर काय लिहलं होतं रे? देवाचं नाव होतं का?"

त्यानं खाली पाह्यलं. "काई नोतं काका. कोरी होती. माही पेनशील संपली होती."

म्हंजे मी कोऱ्या पाटीसाठी लोंबलो होतो. पन आता सांगतो, ज्याले वाचता येत नाई त्याले कोरी अन् लिहलेली सारखीच. भेव दोन्हीचं तेवढंच.

माघात साहेब आला. खन झाडले होते तरी कोपऱ्यात रुई राह्यलीच होती. साहेब शिंकत शिंकत आत गेला. मी खिडकीत उभा होतो. मले आता कुठं जायचंच नोतं. साहेबानं हाजरीची बही पाह्यली अन् इचारलं, "स्कूल मधात बंद होतं काय?"

हेडमास्तर म्हनले, "एक दिवसही नाही, साहेब. मुलं रोज येत होती."

हे बी खरं होतं. म्या त डोळ्यानं पाह्यलं. पन मंग बंद काय झालं, चालू काय झालं, अन् मले खांद्यावर काहून घेतलं होतं, ते मले तवाबी समजलं नाई. साहेबानं बहीच्या पानातून रुईचा एक पुंजका काढला, फुंकून टाकला, अन् सही केली. सरकारात असं लिहलं आहे की काईच झालं नाई.

महादूले साहेबानं एकोनतीसचा पाढा इचारला. तो सत्तेवर थांबला. माहे पाय खिडकीखाली सवयीनं थांबले. मंग तो बोलला, "दोनशे तीन," अन् पुढं गेला. पास झाला. त्याचा बाप पेढे घेऊन आला अन् सगळ्याइले वाटले, मले सोडून. त्याले कोनी सांगतलं होतं की पोट्ट्याले बिघडवनारा मीच.

शेठनं मले पुन्हा बोलावलं नाई. दुसऱ्या कोनी बी नाई. अमरावतीच्या बजारात पानी मारनाऱ्याले बोऱ्यापाशी उभं करत नाईत. मी दर्यापूरले गेलो. तिथं म्हनले, "तीर्थवाला तूच ना?" अकोल्याले गेलो. तिथं त गोष्ट माह्याआधी पोचली होती अन् वाढून पोचली होती. तिच्यात म्या आख्खी विहीर ओतली होती.

महादू तवा अकोल्याले मास्तरकीच्या शाळेत होता. त्यानं तिथल्या मोठ्या मास्तराइले सांगतलं, अन् मले नोकरी लागली. पानी भराची. पान्यानं धंदा गेला, पान्यानंच लागला. रांजन भराचे, पोट्ट्याइच्या पाट्या धुवाले घंगाळ ठेवाचं, अन् घंटा वाजवाची. एवढ्या वर्सात एकाच पोट्ट्यानं माह्यावर बोट उचललं, रांजनात पानी कमी आहे म्हनून.

हे सगळं मी सांगून राह्यलो अन् महादू मास्तर लिहून राह्यले. ते म्हनतात, "काका, लोक इचारतीन, तुमी कोनाकडून होते? पोट्ट्याइकडून का शेठकडून?"

लिहा मास्तर. मी बोऱ्यात होतो. बोऱ्यातून उजेडाचा पोळीएवढा गोल तुकडा दिसते, अन् त्यातून कोनी काई टाकते. रुई टाकली त तुडवाची, पाटी टाकली त पाय उचलाचा. आपन कोनाच्या बाजूनं होतो ते मानसाले वर आल्यावर समजते. अन् तवालोक बोरा शिवून झाला असते.